विसण

अकराव्या दिवशी आमच्या गिझरपासून मागच्या बाथरूमपर्यंतचं अंतर दोन हजार अठरा फूट भरलं. आदल्या दिवशी ते अठराशे अडतीस होतं. मी स्वतः टेप लावून मोजलं, आणि माझ्या मोजमापात आजवर कुणाला अर्ध्या इंचाची चूक काढता आलेली नाही. घर बाहेरून होतं तेवढंच होतं. दीड गुंठ्याचा प्लॉट, पुढं जास्वंद, मागं शेजाऱ्यांच्या गोठ्याची भिंत. लांबत होता तो फक्त आतला पॅसेज.

मी प्लंबर आहे. सत्तावीस वर्षं झाली या धंद्याला. 'मागच्या बाथरूमला गरम पाणी लवकर येत नाही' ही तक्रार तर मी डोळे मिटून सोडवतो. त्यामुळे हे माझ्याच घरी झालं याचं मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. दुसऱ्या कुणाच्या घरी झालं असतं तर त्यानं भलत्यालाच बोलावलं असतं आणि त्या भलत्यानं घराची पार वाट लावली असती.

मागच्या खोलीत माझे वडील राहतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्यांनी एकतीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलर सांभाळला. आता गुडघे गेलेत. कॉटवरून उठून शेजारच्या बाथरूमपर्यंत भिंतीला धरून जातात, त्यापलीकडे नाही. मागं वेगळा गिझर बसवायला त्यांनी कधीच परवानगी दिली नाही. "ज्याचं गेज दिसत न्हाय, असली तापलेली टाकी माझ्या डोक्यावर नगं," असं ते म्हणाले होते. बॉयलरवाल्याला दाब दाखवणारा काटा डोळ्यांसमोर लागतो. मी ते मानलं. गिझर पुढं, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर बसवला आणि तिथून अडतीस फूट पाऊण इंची पाइप मागं नेला. काम सुबक झालं होतं.

अडतीस फूट पाइपात जे पाणी उभं असतं ते गार असतं. नळ सोडला की आधी तेच येतं, मग गरम. हे जगात सगळीकडे असंच आहे. माझी बायको मंदा बालवाडीत शिकवते. ती निघण्याआधी तात्यांची बादली भरून ठेवायची आणि तात्या नंतर सावकाश आंघोळ करायचे. तीन वर्षं काही बिघडलं नाही. मग एका सकाळी मंदाच्या बालवाडीचं गॅदरिंग होतं, ती लवकर गेली, आणि मी तात्यांना म्हटलं, आज नळ तुम्हीच सोडा.

तात्या स्टुलावर बसले आणि नळाखाली हात धरला.

"ह्यात आधी गार पडलं," ते म्हणाले.

"येईल गरम. मिनिटभर थांबा."

"गरम आलं. पर गारावर आलं." त्यांनी हात पंच्याला पुसला. "हे पाणी जित्या माणसाचं न्हाय, दिगा."

आमच्याकडे बादलीत आधी कढत पाणी घेतात आणि मग त्यात गार घालून ते सोसेल इतकं करतात. त्या गार पाण्याला विसण म्हणतात. लहानपणी विसणाचा तांब्या मी आणायचो. तात्या बादलीत कोपर बुडवून बघायचे आणि म्हणायचे, अजून एवढंसं. मी पळत जाऊन अजून एवढंसं आणायचो. उलट, म्हणजे आधी गार आणि त्यावर कढत, हे माणसाच्या बाबतीत एकदाच करतात, आणि तोवर तो माणूस तक्रार करायच्या पलीकडे गेलेला असतो. सहा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ते पाणी मीच ओतलं होतं. तात्या दारात उभे राहून बघत होते. मला त्या दिवशी रडू आलं नाही. पाणी किती गरम हवं, हेच मी जमलेल्या बायकांना पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते.

म्हणून मी तात्यांशी वाद घातला नाही. उद्यापासून आधी गरमच येईल, असं छातीठोकपणे सांगितलं.

"लाइन नीट कर," तात्या म्हणाले. "मी बसूनच हाय."

बसूनच हाय याचा अर्थ मला ठाऊक होता. आंघोळ झाल्याशिवाय तात्या अन्नाला शिवत नाहीत. चहा तेवढा घेतात. ओल्या फडक्यानं अंग पुसून घेण्याला ते आंघोळ मानत नाहीत. जन्मात कधी मानलं नाही.

उपाय सोपा होता. गार पाणी आधी वेगळ्या बादलीत काढून ओतून द्यायचं आणि गरम आलं की तात्यांची बादली लावायची. मी एक पूर्ण बादली काढून मोरीत ओतली. मग वाट बघितली. पुन्हा गारच आलं. मी पाइप तपासायला पुढं निघालो तर पॅसेज संपेना. टेप लावली. दोनशे अठरा फूट. चौदा लिटरची बादली पाऊण इंची पाइपात मावायला एकशे ऐंशी फूट लागतात, हे मला तोंडपाठ आहे. म्हणजे मी जेवढं गार पाणी बाहेर टाकलं होतं, तेवढीच जागा पाइपानं पुन्हा करून घेतली होती आणि पाइपाबरोबर घरानं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक बादली ओतून खात्री केली. तीनशे अठ्ठ्याण्णव. हिशोब चोख होता.

मंदानं तिच्या पद्धतीनं करून बघितलं. पुढूनच कढत पाण्याची बादली भरून ती उचलून मागं घेऊन गेली. पॅसेजमध्ये मध्यावर आईचा फोटो आहे. घर कितीही लांबलं तरी तो बरोबर मध्यावरच राहायचा. फोटोपाशी वाफ थांबली आणि तात्यांच्या दाराशी पोहोचेपर्यंत पाणी गार झालं होतं. चहाचंही तेच व्हायचं. गार चहा तात्या पीत होते.

"मागंच शेगडी नेऊन ठेवू या," मंदा म्हणाली. "तिथंच पातेलंभर पाणी तापवते. आजच्या आज जेवतील ते."

"दिगंबर प्लंबरच्या घरी शेगडीवर आंघोळीचं पाणी?"

"कोण बघायला येतंय?"

"तात्या बघतील."

ती म्हणाली, "अहो, ते दोन दिवस जेवले नाहीत."

"दोन दिवसांत काम होतंय," मी म्हणालो.

दोन दिवसांत झालं नाही. मी लाइनला कापड गुंडाळलं, वर थर्माकोल बांधला, गिझरचा काटा शेवटापर्यंत फिरवला. तरी रोज एक बादली काढून बघावीच लागे, आणि ती ओतावीच लागे. ओतायची नाही म्हणून एकदा पिंपात साठवून ठेवली. घराला फसवता आलं नाही. पाइपाबाहेर आलं ते गेलंच, असा त्याचा नियम होता. मला नियम पाळणारी घरं आवडतात. त्यांच्यावर इलाज करता येतो.

सातव्या दिवसापासून मंदा तात्यांचा चहा सायकलवरून नेऊ लागली. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात झाकणाचा पेला. परत आली की फोटोपर्यंत किती मिनिटं लागली ते सांगायची. दहाव्या दिवशी म्हणाली, "तात्या बसतात तिथं चादरीला सुरकुती पडत नाही आता."

त्या दिवशी मी स्वतः गेलो. तात्या कॉटवर बसले होते. आवाज खणखणीत होता, पण शर्टात माणूस कमी होता. मी त्यांना उचलून पुढं न्यायचं ठरवून काखेत हात घातला. ते मला म्हणाले, "ठेव. बॉयलर बिघडला म्हणून कुणी उसाचा रस डोक्यावरून न्हेत न्हाय. बॉयलर दुरुस्त कर." ते रिकाम्या बादलीएवढेच जड लागले होते. मी त्यांना खाली ठेवलं आणि पॅसेजमध्ये येऊन थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिलो. मग मला उपाय सुचला. तो आधीच सुचायला हवा होता, कारण मोठ्या बंगल्यांतून मी तो दहा वेळा केला होता.

गार पाणी टाकायचंच नाही. माघारी आणायचं.

बाथरूमच्या नळाजवळ लाइनला एक टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, बसवायची आणि तिथून दुसरा पाइप परत गिझरपर्यंत आणायचा. मध्ये मुठीएवढा पंप. उभं राहिलेलं गार पाणी फिरून गिझरात येतं, तापतं, पुन्हा जातं. थेंब वाया जात नाही, आणि नळ सोडला की पहिला थेंब कढत. याला आम्ही रिटर्न लाइन म्हणतो. अकरावी बादली मी नुसती शेवटची खात्री म्हणून ओतली आणि हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"पाऊण इंची, दहा फुटी," मी म्हणालो. "दोनशे दोन नग."

दुकानदार बागवान मला वीस वर्षं ओळखतो. "साइट कुठं आहे?"

"घरीच."

"घर केवढं आहे तुमचं?"

"दीड गुंठा."

त्यानं मान डोलावली आणि टेम्पो बोलावला.

दोन दिवस मी पॅसेजमध्ये होतो. मंदाच्या सायकलला पाइप बांधून आत न्यायचे, भिंतीला क्लिप ठोकायची, सांध्याला सोल्युशन लावायचं, पुढचा जोडायचा. इतकं सरळ काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं. ना कुठं वळण, ना खिडकी आडवी. लाइटचा पॉइंट फक्त आईच्या फोटोखाली होता, म्हणून पंपाचं बटण मी तिथंच बसवलं. टी जोडण्यासाठी मागची लाइन कापली तेव्हा आतलं गार पाणी हातावरून गेलं. मी लगेच अंगठा दाबून धरला आणि टी बसेपर्यंत सोडला नाही. तेवढ्यानं घर फक्त चार फूट वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदानं मला चहाचा कप दिला आणि माझं मनगट धरलं. "हात केवढे गार पडलेत तुमचे."

"प्लंबरचे हात गारच असतात."

"असे नसतात," ती म्हणाली. "झालं का?"

"झालं. पीठ मळायला घे. तासाभरात तात्या जेवतील."

तिच्या तोंडावर तेरा दिवसांनी हसू आलं. मलाही फार बरं वाटलं. मी सायकलवरून फोटोपाशी गेलो, आईकडे बघितलं, बटण दाबलं आणि पुढं गिझरपाशी येऊन उभा राहिलो. तात्यांना आधीच स्टुलावर बसवून आलो होतो. पंचा नेसून, समोर रिकामी बादली, बादलीत तांब्या. बाथरूमचं दार उघडंच ठेवलं होतं. एवढ्या लांबून ते मुगाच्या दाण्याएवढे दिसत होते.

मी रिटर्न लाइनवर हात ठेवला. पाणी येत होतं. बर्फासारखं गार पाणी, तेरा दिवस उभं राहिलेलं. चौदा लिटर गिझरात शिरलं तसा पॅसेज एकशे ऐंशी फुटांनी कमी झाला. आवाज झाला नाही. फरश्या सरकल्या नाहीत. त्या नुसत्या तेवढ्या कमी राहिल्या, आणि तात्या मुगाचे हरभऱ्याएवढे झाले.

"मंदा," मी हाक मारली, "बघ येऊन."

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला पीठ होतं. आम्ही दोघांनी दुसरी बादली परत येताना बघितली, मग तिसरी. माझी बोटं बधिर झाली होती. सहाव्या बादलीला गारठा कोपरापर्यंत चढला, पण मी हात काढला नाही, कारण लाइनवर हात ठेवला की फिटरला सगळं कळतं. आठव्या बादलीला मला तात्यांचा चेहरा दिसला. दहाव्याला आईच्या फोटोची चौकट दिसली. अकराव्या बादलीला घर जसं होतं तसं झालं. वर सांडलेले चार फूटही परत आले. तात्या अडतीस फुटांवर बसून आमच्याकडे बघत होते. मंदानं डोळ्याला पदर लावला.

"पुरे," ती म्हणाली. "आता बंद करा."

"कशाला? चालू दे की. बंद केलं की परत गार होईल."

"अहो, पुरे झालं. मी भाकरी टाकते." ती आत वळली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पॅसेज तीस फूट आहे. यात आश्चर्य नव्हतं. जुने अडतीस फूटही शेवटी गार पाण्याचेच होते. मी बटणाकडे निघालो. फोटो बरोबर मध्यावर होता, पंधरा फुटांवर, मग दहावर, आणि मी हात पुढं केला तेव्हा तीन फुटांवर, आणि त्यानंतर मध्य उरला नाही. फोटो गेला. बटण गेलं. स्वयंपाकघराचं दार पॅसेजमध्ये उघडायचं, तेही गेलं. मी बाथरूममध्ये तात्यांच्या समोर उभा होतो. गिझर त्यांच्या डोक्यावर होता. चारही बाजूंना पांढऱ्या टाइल्स होत्या, मीच बसवलेल्या, रेघेला रेघ जुळलेली.

तात्यांनी वर बघितलं. "गेज कुठंय?"

"मी आहे ना," मी म्हणालो. "मी बघतोय."

त्यांनी बादली नळाखाली सारली. मग म्हणाले, "सोड नळ."

मी नळ सोडला. पहिला थेंब कढत आला. वाफ उठली आणि तात्यांचा चष्मा भरून गेला. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला. रिकाम्या बादलीच्या तळाशी कढत पाणी पडलं, त्यावर कढत पाणी पडलं, गळ्यापर्यंत बादली कढत पाण्यानं भरली, आणि त्याआधी तिच्यात गार पाण्याचा टिपूसही पडला नव्हता. तात्या हसले. त्यांचं ते हसू मी कारखान्याच्या फाटकापाशी त्यांची शिफ्ट सुटायची वाट बघत उभा असायचो तेव्हा बघितलं होतं.

"झकास केलंस," ते म्हणाले. "जित्या माणसाचं पाणी."

भिंतीपलीकडून मंदाचा आवाज आला. "पहिली भाकरी तव्यावर आहे. सांगा त्यांना."

"तात्या, भाकरी टाकलीय."

"ऐकलं," तात्या म्हणाले. "पिठलं हाय का इचार."

"पिठलं आहे," मंदा भिंतीपलीकडून म्हणाली.

तात्यांनी उघडे हात चोळले आणि सरसावून बसले. "आण विसण."

मी गार पाण्याचा नळ सोडला. त्यातूनही वाफ आली. थोडा वेळ सोडून बघितला. कढतच येत होतं. कामात चूक नव्हती. घरात जेवढं म्हणून गार पाणी होतं तेवढं मी माघारी आणलं होतं, शेवटच्या फुटापर्यंत.

"काय झालं?"

"काही नाही. बघतो."

"निवू दिलं तर न्हाय चालायचं. निवलेलं पाणी म्हंजे विसण घातलेलं न्हवं."

"माहीत आहे."

"भूक लागलीय, दिगा," तात्या म्हणाले. तेरा दिवसांत ते हे पहिल्यांदाच म्हणाले होते.

मी खाली बसलो. बाही वर सारली. माझा उजवा हात कोपरापर्यंत निळसर दिसत होता, आणि त्यावर वाफेचे थेंब जमून गारेगार ओघळत होते. मी तो बादलीत घातला. भाजलं नाही. हाताभोवतीचं पाणी गप्प झालं आणि वाफ त्या बाजूनं बसली. हात बाहेर काढायला गेलो तर काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. खांद्यापाशी बाही मोकळी लोंबत होती. दुखत नव्हतं.

तात्यांनी पुढं वाकून बादलीत कोपर बुडवलं आणि मान हलवली.

"कढत हाय अजून."

"आणतो," मी म्हणालो, आणि डावी बाही वर सारण्यासाठी दातात धरली.

"दुसरी झाली भाकरी," मंदा पलीकडून म्हणाली. "दोघांची पानं घेतलीत."

डावा हातही पुरला नाही. तात्यांनी पुन्हा कोपर बुडवून बघितलं. मी लहान असताना बघायचे तसंच, डोळे मिटून, घाई न करता.

"अजून एवढंसं," ते म्हणाले, आणि जागा व्हावी म्हणून बादलीतला तांब्या त्यांनी बाहेर काढून ठेवला.